वाळूजला शेड घेण्याआधी
गाड्यांचे पार्ट बनवायला वाळूजच्या औद्योगिक वसाहतीत शेड घ्यायचं ठरवलंस, फार चांगलं केलंस. पण मशीन बुक करण्याआधी एक बघ भाऊ, तू जो पार्ट करणार तो इलेक्ट्रिक गाडीत लागतो का? इंजिनचे पिस्टन, सायलेन्सर त्यात नसतातच. ब्रेक, सस्पेन्शन, चाकं लागतातच. म्हणून एकाच पार्टला जखडलेलं एसपीएम (स्पेशल पर्पज मशीन) नको, व्हीएमसी घे, म्हणजे वेगवेगळे पार्ट कापणारं कॉम्प्युटरवर चालणारं मशीन. फिक्श्चर, म्हणजे पार्ट घट्ट धरणारी पकड, बदललं की दुसरं काम धरता येतं.

बजाजच्या प्लांटभोवती १९८५ पासून इथले कितीतरी व्हेंडर, म्हणजे पार्ट पुरवणारे, उभे राहिले. तरी सगळा माल एकाच गिऱ्हाइकाला देऊ नको, त्यांचं शेड्यूल (ठरलेली मागणी) घटलं तरी बँकेचा हप्ता थांबत नाही. बिडकीनच्या टोयोटा प्रकल्पाचा करार २०२४ चा. नुसत्या त्या आशेवर कर्ज काढू नको. आणि आयएटीएफ १६९४९ (वाहन उद्योगाचं क्वालिटी स्टँडर्ड) ची कागदं पहिल्या दिवसापासून नीट ठेव, सर्टिफिकेटला १२ महिन्यांचं रेकॉर्ड मागतात.