जनसुरक्षा विधेयकावर चर्चा ठेवायचीय? आधी माईक बाजूला ठेवा

तुमचा प्रश्न असा: कोल्हापूरच्या राजारामपुरीतला दहा-बारा जणांचा वाचनगट, संघटनेला बेकायदेशीर ठरवायचा अधिकार सरकारला देणाऱ्या महाराष्ट्र विशेष जनसुरक्षा विधेयकाला विरोध म्हणून जाहीर चर्चा घ्यायचीय, लोकांनी नुसतं ऐकून घरी जाऊ नये तर बोलावं, आणि त्यासाठी वक्ते कोण बोलवावेत?

वक्ते बोलवूच नका. अगदीच हवा असेल तर एक, वीस मिनिटांसाठी. आमची पहिली फजिती सांगतो. चार वक्ते, प्रत्येकाला 'फक्त पंधरा मिनिटं', प्रश्नोत्तरं शेवटी. तो शेवट आलाच नाही. तिसरे जे आणीबाणीत शिरले ते बाहेर निघेनात, आणि चौथ्यांचं चालू असतानाच शिपायानं एकेक पंखा बंद करायला घेतला. जाताना मागच्या रांगेतले एक काका म्हणाले, "पटलं बघा सगळं, पण कायद्यात लिहिलंय काय तेवढं सांगायचं राहिलं."

त्यानंतर आम्ही मसुदाच वाटायला लागलो. विधेयक मराठीत आहे. त्यातली तीन-चार कलमं मोठ्या अक्षरात एकेका कागदावर छापा. आठ-दहा जणांचे गोल करा, प्रत्येक गोलाला एक कागद. एकानं मोठ्यानं वाचायचं आणि बाकीच्यांनी एकाच प्रश्नावर बोलायचं: हे माझ्या मंडळाला, माझ्या संघटनेला लागू होईल का?

'बेकायदेशीर कृत्य' या व्याख्येचा कागद सर्वात जास्त चालतो. २०२४ च्या मसुद्यात हिंसाचाराच्या जोडीला प्रस्थापित कायद्याची अवज्ञा करायला प्रोत्साहन देणंही त्यात होतं. कोल्हापुरात हे वाचलं की टोल आठवतोच. एन. डी. पाटील आणि गोविंद पानसरे पुढे होते आणि अख्खं शहर टोल भरणार नाही म्हणून अडून बसलं होतं. ती अवज्ञा नव्हती तर काय होतं? शेवटी सरकारला टोल रद्द करावा लागला. आता शक्तिपीठ महामार्गाला विरोध करणारे शेतकरी तुमच्या गोलात असले, तर 'जमिनीची मोजणी अडवली तर?' हा प्रश्न तेच काढतील. उत्तर द्यायची घाई करू नका, तो कागदावर लिहून घ्या.

दुसरा कागद शिक्षेचा. बेकायदेशीर ठरवलेल्या संघटनेचं सदस्य असणं, तिच्या बैठकांना जाणं, यासाठी ३ वर्षांपर्यंत कैद आणि ३ लाखांपर्यंत दंड. सदस्य नसताना मदत केली तर २ वर्षं आणि २ लाख. प्रत्यक्ष कृत्यासाठी ७ वर्षं आणि ५ लाख. गुन्हे दखलपात्र आणि अजामीनपात्र. वर्गणीची पावती फाडणाऱ्या माणसाला हे आकडे ऐकल्यावर वेगळं काही समजावावं लागत नाही.

आता तुम्हाला कदाचित आवडणार नाही असं एक. विधेयकाच्या बाजूचा माणूसही बोलवा, आणि त्याची बाजू नीट मांडू द्या. सरकारचं म्हणणं असं की शहरांत पसरणाऱ्या माओवादी संघटनांना आवरायला यूएपीए हा केंद्राचा बेकायदेशीर कृत्यविरोधी कायदा पुरत नाही, आणि छत्तीसगड, तेलंगणा, आंध्र, ओडिशात असे कायदे आहेतच. विधेयक तपासणाऱ्या विधिमंडळाच्या संयुक्त समितीकडे १२ हजारांहून जास्त सूचना गेल्या आणि काही बदल झाले हेही खरं आहे. उद्देशातला 'व्यक्ती आणि संघटना' हा शब्दप्रयोग जाऊन तिथे कडव्या डाव्या विचारसरणीच्या संघटना आल्या. जुनाच मसुदा फिरवत बसलात तर पहिल्याच रांगेतला कुणीतरी तुमचा कागद फाडेल, आणि बरोबरच करेल. जुलै २०२५ मध्ये विधानसभेत आणि विधान परिषदेत मंजूर झालेला मजकूर शेजारी ठेवा, काय गेलं आणि काय राहिलं ते लोकांना स्वतः ताडू द्या. उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच सुरू झाल्यापासून शहरात वकिलांची वाण नाही. एखाद्या तरुण वकिलाला बोलवा, पण गोलात बसायला. खुर्ची दिली की तोही भाषण ठोकतो.

परवानगीचं थोडक्यात. बंदिस्त सभागृहात शक्यतो अडचण येत नाही, तरी पोलीस ठाण्यात लेखी कळवा आणि पोच घ्या. चौकात घ्यायची तर ध्वनिक्षेपकाची लेखी परवानगी लागते आणि रात्री १० ला आवाज बंद. जिल्ह्यात पोलीस कायद्याच्या कलम ३७ चा जमावाला मनाई करणारा आदेश चालू आहे का तेही बघा, आपल्याकडे तो निघतच असतो. साध्या वेशातले एक-दोघे आले तर त्यांनाही कागद द्या. आमच्याकडे एकजण तो शेवटपर्यंत वाचत बसले होते.

मोठं नाट्यगृह घेऊ नका, तालमीची खोली बरी. तिथं माणूस चप्पल काढून बसतो आणि बोलतो. बायकांनी यावं असं वाटत असेल तर मात्र तालीम सोडा, शाळेचा वर्ग बघा आणि वेळ दुपारी चारची ठेवा. शाहू स्टेडियमवर पाटाकडील-दिलबहार फुटबॉल सामना असेल तो दिवस टाळा, नाहीतर तुम्ही दहा-बाराच एकमेकांना कलमं वाचून दाखवाल.

लिहून घेतलेले प्रश्न आठवड्याच्या आत आमदारांना द्या, आणि आलेल्या माणसांना फोन करून सांगा की दिले.

तारीख ठरली की कळवा. सतरंज्या आमच्या मंडळाकडे आहेत.