पाहुणे ठणठणीत, घरचेच आजारी

प्रश्न : आमच्या अंगणात ३,००० लिटरचा सिमेंटचा हौद आहे. त्यात तीन वर्षांपासून सहा कोई मासे आहेत, कधी काही झालं नाही. दिवाळीत मुलानं पुण्याहून चार नवीन आणले आणि पिशवी तासभर तरंगवून हौदात सोडले. आठव्या दिवसापासून जुने मासे भिंतीला अंग घासतायत, एक पंख मिटून तळाशी बसतो. नवे चौघे मात्र मजेत. आजारी मासे वेगळे काढू का?
— एक वाचक, परभणी

उत्तर : ताई, आता वेगळे काढून काही साधणार नाही. जे काही आलंय ते पाण्यात उतरलंय, उपचार अख्ख्या हौदाचा करावा लागेल. नवे मजेत आहेत यात नवल नाही. दुकानातल्या गर्दीत ते रोगातून तगले, अंगावर थोडं बाळगून आले. तुमच्या सहांनी तो रोग कधी पाहिलाच नव्हता. पिशवी तरंगवल्यानं फक्त तापमान जुळतं.

औषधाकडं धावण्याआधी माशांच्या घाणीतून पाण्यात साचणारी विषं, म्हणजे अमोनिया आणि नायट्राइट, तपासा. सहाचे दहा झाले, फिल्टर तोच. आपल्याकडच्या बोअरचं पाणी बहुधा अल्कधर्मी, त्यात तेवढाच अमोनिया जास्त बाधतो, आणि त्यानंही मासे अंग घासतात. दोन्ही शून्य नसतील तर खाद्य बंद करा आणि रोज पाव हौद पाणी बदला. टँकरचं असेल तर आधी क्लोरीन काढून.

मग बॅटरीच्या उजेडात अंग बघा. रव्याचे कण चिकटल्यासारखे दिसले तर तो पांढऱ्या ठिपक्यांचा रोग. त्याला जाडं, बिनआयोडिनचं मीठ, लिटरला ३ ग्रॅम, म्हणजे तुमच्या हौदाला ९ किलो, तीन दिवसांत विभागून आणि विरघळवून. पाणवनस्पती आधी काढा. ठिपका कातडीखाली असतो, तिथं मीठ पोचत नाही. जंतू पाण्यात पोहतो तेव्हाच मरतो. म्हणून ठिपके गेले की लगेच मीठ उतरवू नका. मसुरीच्या डाळीसारखी चपटी, सरकणारी ऊ दिसली तर मात्र मिठानं काही होत नाही. तिच्या औषधाचं माप ऐकीव घेऊ नका. उदगीरला मत्स्यविज्ञान महाविद्यालय आहे, तिथं विचारा. दाखवायला आजारी मासा जिवंत लागतो. मेल्यावर परजीवी त्याला सोडून जातात.

आता पुढच्या वेळचं. नवे मासे हौदात सोडण्याआधी वेगळे ठेवायला ५०० लिटरची टाकी, हवेचा पंप, वरून जाळी (कोई उडी मारतो, आमच्या मांजरीला विचारा). स्वतंत्र बादली, स्वतंत्र हातजाळी. फिल्टरचा स्पंज महिनाभर आधीच निरोगी हौदात मुरू द्यावा, नाहीतर नवा मासा रोगानं नाही, आपल्याच अमोनियानं मरतो. तो स्पंज नंतर परत हौदात टाकायचा नाही.

मुदत किमान चार आठवडे, पण मुदतीपेक्षा तापमान मोठं. हे मी ठेच लागून शिकलो. २०१६ला लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी यायचं, तेव्हा मी हौद रिकामा करून मासे वाटून टाकले. पाऊस झाल्यावर पुन्हा जमवले. पुढं एका डिसेंबरात तीन नवे आणले, चार आठवडे वेगळे ठेवले, एकाच्याही अंगावर खरचटा नाही. फुशारकीनं हौदात सोडले. फेब्रुवारीत पाणी तापलं आणि दहा दिवसांत सात मासे गेले. थंडीत रोग झोपलेला असतो. कोई हर्पिस विषाणूचंच बघा, तो साधारण १७ ते २८ अंशांत डोकं वर काढतो. म्हणजे आपल्या थंडीत पाणी त्याच्या खाली, मे महिन्यात वर, आणि मासा दोन्ही वेळा निरोगी दिसणार! आपल्याकडं पाणी २४ अंशांच्या आसपास आपोआप राहतं ते दिवाळीच्या आगेमागे आणि फेब्रुवारीत. मुलानं मुहूर्त बरोबर साधला होता, टाकी तेवढी हवी होती. एरवी आणायचेच असतील तर हीटर लावा. आणि तपासनीस म्हणून हौदातला एक जुना मासा शेवटचे दोन आठवडे नव्यांबरोबर ठेवा. जिवावर येतं, पण सहा जाण्यापेक्षा एक परवडला.

एक विनंती. वैतागून त्या चौघांना कुणाच्या शेततळ्यात सोडू नका. आपले शेतकरी सायप्रिनस (कॉमन कार्प) हा खाण्याचा मासा पाळतात, तो आणि कोई एकाच जातीचे. कोईचा रोग त्याला सरळ लागतो.