पहिल्यांदाच फटाके उडवताय? एवढं सांभाळा

पहिल्यांदा फटाके उडवताना काय सांभाळायचं, हे आधी विचारलंत, ते उत्तम केलंत. रॉकेट आणि आकाशात फुटणारे प्रकार यंदा राहू द्या. भुईनळे, भुईचक्रं यांच्यावर हात बसू दे.

खरेदीआधी तुमच्या भागातले नियम बघा: कोणते फटाके चालतात, किती वाजेपर्यंत, किमान वय काय. दुकानात मिळतंय म्हणजे उडवायला परवानगी आहेच, असं नाही.

नवखे हमखास चुकतात ते न उडालेल्या फटाक्यापाशी. वात विझलेली दिसते, आत मात्र धुमसत असते. वाकून बघायचं नाही, परत पेटवायचं तर मुळीच नाही. निदान 20 मिनिटं लांब थांबा, मग लांबूनच भरपूर पाणी ओता आणि बादलीत भिजत ठेवा.

बाकी थोडक्यात:
- पाण्याची बादली पहिली वात पेटवण्याआधीच भरून ठेवा.
- कपडे सुती, अंगासरशी. ओढणी, सैल बाह्या नकोत.
- एका वेळी एकच. हात लांब, तोंड बाजूला.

फुलबाजीला कुणी घाबरत नाही, म्हणून मी तिला जास्त घाबरते. ती 1000 अंश सेल्सिअसच्याही वर तापते आणि विझल्यावरही तार चटका देते. मुलांच्या हातातून घेऊन ती लगेच पाण्यात टाका.

भाजलंच तर वाहत्या साध्या पाण्याखाली 20 मिनिटं धरा. बर्फ, टूथपेस्ट नको. डोळ्याला लागलं तर न चोळता, न धुता थेट डॉक्टरकडे.