आधी गिऱ्हाईक, मग संस्था

या महिन्याची बहुतेक पत्रं एकाच विषयाची निघाली: गावात राहून काहीतरी करू पाहणारी तरुण पोरं आणि त्यांना मिळणारं प्रशिक्षण. त्यातली पाच घेतली आहेत. नाव छापू नका असं चौघांनी कळवलंय, तेव्हा पाचव्याचंही छापत नाही.

प्रश्न : मी चोवीस वर्षांचा, बी.ए. झालोय. नुकतंच पुण्यात आठ दिवसांचं सामाजिक उद्योजकतेचं शिबिर केलं. आता गावात युवकांची संस्था काढायची आहे. नाव ठरलंय, मित्राने लोगोही करून दिलाय. नोंदणी कशी करू आणि अनुदान कुठून मिळेल?
— वाचक, ता. कळंब, जि. धाराशिव

उत्तर : शिबिरातून परतलेल्या प्रत्येकाकडे नाव आणि लोगो तयार असतो, त्यामुळे तुझ्या पत्राचं नवल वाटलं नाही. नोंदणीचं सांगून टाकते. सात माणसं लागतात. १८६० चा संस्था नोंदणी कायदा आणि १९५० चा महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायदा, दोन्हींखाली धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयाकडून काम होतं. मग दरवर्षी हिशेबतपासणी, विश्वस्त बदलला की नव्वद दिवसांत फेरफार अर्ज. हे सगळं कर, पण आत्ता नको. आज तुझ्याकडे सात सह्या जमतील, पण गावाला तुमच्याकडून नेमकं काय मिळणार हे त्या सातांपैकी एकालाही सांगता येणार नाही. (पत्रात तूही लिहिलेलं नाहीस. मी दोनदा वाचलं.)

तुमचा पट्टा सोयाबीनचा. घरचं बियाणं राखून पेरणारे पुष्कळ, आणि जून उलटला की 'उगवलंच नाही' ही ओरड ठरलेली. सोयाबीनचं बी नाजूक, वरचं साल पातळ. मळणीयंत्राचा वेग जास्त ठेवला, पोत्यांची थप्पी उंच लावली की आतला अंकुर दुखावतो आणि वरून दाणा पिवळाधमक दिसतो. आता उगवण तपासायला काय लागतं? ओलं गोणपाट आणि शंभर दाणे. न निवडता, हाताला येतील तसे घ्यायचे. दहा-दहाच्या दहा ओळी, दाण्यांमध्ये थोडं थोडं अंतर, वरून दुसरं ओलं गोणपाट, आणि सगळ्याची वळकटी करून सावलीत ठेवायची. सुकू द्यायची नाही. सहा-सात दिवसांनी उघडून नीट मोड आलेले मोजायचे. बियाण्याला किमान सत्तर टक्के उगवण हवी असते. त्याखाली गेली तर पेरताना एकरी बियाणं वाढवायचं, फारच खाली गेली तर ते पोतं सरळ बाजारात घालायचं.

कृषी खातं हे दरवर्षी सांगतं. ऐकतात सगळे, करतात थोडे, कारण ऐन उन्हाळ्यात सात दिवस गोणपाटावर पाणी शिंपडत बसायला घरात कुणाला सवड नसते. तुझं पहिलं काम इथे आहे.

आमच्या प्रशिक्षणाच्या एका तुकडीत लातूरकडची मुलगी होती. तिने हेच मे महिन्यात, पोत्यामागे वीस रुपये घेऊन सुरू केलं. प्रत्येक वळकटीला सुतळीने चिठ्ठी बांधलेली, चिठ्ठीवर घरमालकाचं नाव आणि तारीख. निकाल दूध संकलन केंद्राच्या भिंतीवर लावायची, कारण सकाळ-संध्याकाळ सगळं गाव तिथे येतं. गावातल्या एका मोठ्या बागायतदाराचं बियाणं चोपन्नावर आलं. तो तडक दारात: "माझं बी खराब कसं? तुझं पाणी कमी पडलं असेल." तिने वाद घातला नाही. वळकटी आणून ओट्यावर उलगडली आणि म्हणाली, "काका, तुम्हीच मोजा." त्याने मोजले. त्रेपन्न भरले. एक मोड तिने उदारपणे धरला होता! वीस रुपये देऊन गेला, आणि पुढच्या वर्षी पोतं स्वतः घेऊन आला. दुसऱ्या हंगामात तिने बीजप्रक्रियेचा, म्हणजे पेरणीआधी बियाण्याला औषध चोळायचा, ड्रम घेतला आणि पोत्यामागे भाडं लावलं. आज तिचं निविष्ठांचं (बियाणं, खतं, औषधं) छोटं दुकान आहे. संस्था तिने अजून काढलेली नाही.

तुझ्या शिबिरात नेतृत्वगुणांची यादी दिली असेल. त्या ओट्यावर यादीतलं सगळं घडलं, आणि घडलं ते वीस रुपयांमुळे. फुकट केलं असतं तर बागायतदार दारात आलाच नसता; फुकटच्या कामाला कोण जाब विचारतो? पैसे घेतले की गावाला विचारायचा हक्क मिळतो आणि तुला उत्तर द्यायची सवय लागते. गावातल्या गावात पैसे मागायची लाज वाटते हे मला ठाऊक आहे. ती मोडावीच लागते, आणि ती आठ दिवसांत वर्गात मोडत नाही.

जमलं तर शिरूर तालुक्यातल्या पाबळला एक चक्कर मार. डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी तिथे १९८३ साली विज्ञान आश्रम सुरू केला. माणूस हिंदुस्थान लिव्हरच्या संशोधन विभागातला, अमेरिकेतून डॉक्टरेट घेतलेला. येऊन बसला दुष्काळी पाबळला. वर्षभराचा निवासी अभ्यासक्रम, शाळा सुटलेल्या मुलांनाही दार उघडं. वेल्डिंग-सुतारकाम-बांधकाम, वीज आणि ऊर्जा, शेती-पशुपालन, घर आणि आरोग्य, असं सगळं प्रत्येकाने शिकायचं, आणि शिकता शिकता गावाला लागणाऱ्या सेवा द्यायच्या. कलबाग २००३ मध्ये गेले, काम चालू आहे. तिथली पोरं कसं शिकतात ते बघून ये.

अनुदानाचं विचारलंस. दोन हंगामांचा हिशेब वहीत असला की मग विचार, मी स्वतः अर्ज लिहायला मदत करीन.

प्रश्न : मुलगा चाकणच्या कंपनीत कायम होण्याच्या बेतात होता. सोडून आला. कसलीशी फेलोशिप केली, आता गावात पोरं गोळा करून पाण्याचं काम करतो म्हणतो. आम्ही आडवे येत नाही. पण लग्नाचं काय? स्थळं येऊन परत जातात.
— एक वडील, ता. पारनेर

उत्तर : दादा, तुमच्या पोराचं लग्न समाजकार्यामुळे अडलेलं नाही. गावात राहणाऱ्या सगळ्याच पोरांचं अडलंय. २०२२ च्या डिसेंबरात सोलापुरात लग्न न जुळणाऱ्या पोरांचा बाशिंग बांधून घोड्यावरून जिल्हाधिकारी कचेरीवर मोर्चा गेला होता, त्यातले किती समाजकार्य करत होते? मुलीकडचे दोनच गोष्टी विचारतात: महिन्याला किती येतात आणि दर महिन्याला येतात का. त्यांचं काय चुकलं?

हेच तुम्ही त्याला विचारा. रागाने नको, जेवताना विचारा. फेलोशिपचं मानधन संपल्यावर पुढे काय? पाण्याच्या कामातून पगार निघत नसतो. पण ठिबक बसवणं, फिल्टर आणि लॅटरल (ठिबकच्या नळ्या) साफ करणं, मोटार दुरुस्ती, शेततळ्याचा कागद जोडणं यातून निघतो, आणि पाण्याच्या कामात पडलेल्या पोराची या कामांशी ओळख असतेच. सहा महिन्यांची मुदत द्या. त्याआधी 'कंपनीत परत जा' हे वाक्य घरात काढू नका.

प्रश्न : मी महिला बचत गटाची अध्यक्ष आहे. ग्रामीण स्वयंरोजगार प्रशिक्षण संस्थेतून डाळप्रक्रियेचं प्रशिक्षण घेतलं. मिनी डाळमिल टाकायची आहे. बँकेत गेले तर साहेब म्हणतात मालकांना घेऊन या, जमिनीचा सातबारा आणा. जमीन सासऱ्यांच्या नावावर आहे. मग प्रशिक्षण घेऊन उपयोग काय?
— वाचक, ता. सेलू, जि. परभणी

उत्तर : ताई, आधी बँकेचं. लघुउद्योगाच्या निदान दहा लाखांपर्यंतच्या कर्जाला तारण मागायचं नाही, असा रिझर्व्ह बँकेचा दंडक आहे. तेव्हा तोंडी बोलणं बंद करा. अर्ज लेखी द्या, पोच घ्या, नकार असेल तर तोही लेखी मागा. निम्मे साहेब इथेच मऊ येतात. नाही आले तर जिल्ह्याच्या अग्रणी बँक व्यवस्थापकांकडे (जिल्ह्यातल्या सगळ्या बँकांचा मेळ घालणाऱ्या अधिकाऱ्यांकडे) जा. आणि ज्या संस्थेत शिकलात तिथल्या संचालकांना फोन करा. ही मंडळी प्रशिक्षण देऊन मोकळी होत नाहीत. दोन वर्षं पाठपुरावा करणं त्यांच्या कामातच धरलेलं आहे. ही पद्धत कर्नाटकातल्या उजिरे इथे १९८२ मध्ये सुरू झालेल्या संस्थेवरून आली, आणि तिचा सगळा जोर शिकून गेलेल्याला कर्ज मिळून धंदा उभा राहण्यावर आहे. त्यांना तुमचं कर्ज व्हायला हवंच आहे, तुम्ही फक्त मागे लागा.

अन्नप्रक्रियेसाठी केंद्राने २०२० साली सूक्ष्म अन्नप्रक्रिया उद्योग योजना आणली. तिच्यात प्रकल्पखर्चाच्या ३५ टक्के अनुदान होतं, कमाल दहा लाख. स्वतःचे किमान दहा टक्के घालावे लागत. गटातल्या प्रक्रिया करणाऱ्या प्रत्येक बाईमागे चाळीस हजारांपर्यंत बीजभांडवलाचीही सोय त्यात ठेवलेली होती. यंदा काय चालू आहे ते तालुका कृषी कार्यालयात विचारा. अर्ज भरून द्यायला योजनेने नेमलेली जिल्हा संसाधन व्यक्ती असे आणि तिचं मानधन योजनेतून निघे. 'फाइल करून देतो, इतके द्या' म्हणणारा भेटला तर त्याला चहा पाजून वाटेला लावा.

आता मी तुम्हाला दोन प्रश्न विचारते, कारण बँकेपेक्षा ते अवघड आहेत. तूर निघते जानेवारीपासून, उन्हाळ्यापर्यंत सगळ्यांच्या घरची डाळ होऊन जाते. मग मिल काय करणार? पावसाळ्यातही हप्ता थांबत नाही. मूग-उडीद, हरभरा, मसाला, पिठाची गिरणी, काय जोडणार ते यंत्र घेण्याआधी ठरवा. दुसरा प्रश्न: लोकांची तूर भरडून देणार की तूर विकत घेऊन डाळ विकणार? भरडून देण्यात नफा कमी, पण पैसा अडकत नाही. विकत घ्यायची तर ऐन हंगामात रोकड लागते. कर्ज यंत्राला मिळतं, पण तुरीला पैसा कुठून आणणार याचा विचार पुष्कळ गटांनी केलेला नसतो. शंभर किलो तुरीतून सत्तर किलोच्या आसपास डाळ धरा, चुनी (डाळ करताना उरणारा चुरा) जनावरांना विकली जाते, तीही हिशेबात घ्या. पहिलं वर्ष नुसतं भरडून द्या, हा माझा सल्ला. तेवढ्यात कुणाच्या घरची तूर कशी असते हे तुम्हाला पाठ होईल.

'मालकां'ना मात्र एकदा बँकेत घेऊन जा. सहीसाठी नको, तुमचा अर्ज तुम्ही कशा भरता ते बघायला.

प्रश्न : मी सत्तावीस वर्षांची, महिला राखीव जागेवर सरपंच झाले. गावातली तरुण मुलं ग्रामसभेला फिरकत नाहीत. त्यांच्यासाठी नेतृत्व विकासाचं शिबिर ठेवावं का? व्याख्याते सुचवा.
— सरपंच, ता. भोकरदन

उत्तर : सरपंचताई, व्याख्याते सुचवत नाही. मंडपाचा खर्च वाचवा.

मुलं ग्रामसभेला येत नाहीत कारण तिथे त्यांना काम नसतं. शंभर मतदार किंवा पंधरा टक्के, जे कमी असेल तेवढी गणपूर्ती (किमान हजेरी). ती झाली नाही की सभा तहकूब, आणि तहकूब सभेला गणपूर्तीची अटच नाही. मग दहा डोकी बसून ठराव होतात, हे पोरांना चांगलं कळतं. त्यांना काम द्या. केंद्राकडून गावाला वित्त आयोगाचा निधी येतो; पंधराव्या आयोगाच्या काळात (२०२१-२६) त्यातला साठ टक्के पाणी आणि स्वच्छतेला बांधलेला होता, उरलेला गावाच्या गरजेप्रमाणे. आराखड्यात काय धरलंय आणि खर्च काय झालाय हे ई-ग्रामस्वराज या सरकारी संकेतस्थळावर कुणालाही मोबाइलवर दिसतं. चार मुलं आणि चार मुली घ्या. गेल्या वर्षाची कामं त्यांना छापून द्या आणि सांगा: प्रत्येक काम जागेवर जाऊन बघा, फूटपट्टी घेऊन जा, आणि सभेच्या आदल्या संध्याकाळी पारावर मोठ्याने वाचून दाखवा. सभेला गर्दी होते की नाही ते कळवा मला.

यात तुमचीही कामं निघतील. एखादी गटार कागदावर लांब आणि जमिनीवर आखूड भरेल, सदस्य रुसतील, ग्रामसेवक तर आधीच रुसतील. त्याची तयारी असेल तरच पोरांच्या हातात फूटपट्टी द्या.

गडचिरोलीतल्या मेंढा (लेखा) गावाचं नाव तुम्ही ऐकलं असेल. २००९ मध्ये त्यांना जंगलावरचा सामूहिक वनहक्क मिळाला, २०११ मध्ये बांबूच्या वाहतुकीचे परवाने ग्रामसभेच्या हाती आले. लोक हे विजय सांगतात. मला त्याच्या आधीची वर्षं जास्त मोलाची वाटतात. गावचे देवाजी तोफा, कार्यकर्ते मोहन हिराबाई हिरालाल आणि गावकरी अभ्यासगटात बसून कायदा समजून घ्यायचे, आणि निर्णय बहुमताने न करता सगळ्यांचं एकमत होईपर्यंत थांबायचे. वेळ लागायचा. तुमच्याकडे पाच वर्षं आहेत, त्यातली काही अशी घालवायला हरकत नाही.

प्रश्न : एका मोठ्या हॉटेलात दोन दिवसांचं 'ग्रामीण युवा नेतृत्व' प्रशिक्षण आहे. फी पंधरा हजार, प्रमाणपत्र मिळतं, फोटो पाहुण्यांबरोबर. जाऊ का?
— वाचक, जि. नांदेड

उत्तर : नको. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी २००६ साली तरुणांसाठी सुरू केलेलं 'निर्माण' हे प्रशिक्षण आहे, तुळजापूरला टाटा समाजविज्ञान संस्थेचं आवार आहे, तुझ्याच जिल्ह्यात स्वयंरोजगार प्रशिक्षण मोफत मिळतं, राहण्याजेवण्यासकट. कुठेही गेलास तरी आयोजकाला एक विचार: मागच्या तुकडीतल्या दोघांचे फोन नंबर द्याल का? तो देतो का बघ, आणि दिले तर त्यांना फोन करून आज ते काय करतात ते विचार. पंधरा हजारांत दुसऱ्या हाताचं वेल्डिंग मशीन येतं.