शाब्दिक उदाहरण आले की वही मिटते

प्रश्न : दुसरीतला स्वमग्न (ऑटिस्टिक) मुलगा तोंडी वजाबाकी झटकन करतो, पण शाब्दिक उदाहरण दिले की वही मिटतो. काय करावे?

उत्तर : त्याचे गणित कच्चे नाही, अडते ते भाषेपाशी. ‘रमाकडे 12 गोट्या आहेत, मीनापेक्षा 5 जास्त. मीनाकडे किती?’ इथे ‘जास्त’ दिसताच मुले बेरीज करून 17 लिहितात. आधी 12 ठोकळ्यांची रांग लावा, त्यातले शेवटचे 5 लाल, बाकीचे निळे. निळ्यांखाली जोडीला एकेक ठोकळा त्यालाच मांडू द्या. 7 समोर दिसतात. मग तेच चित्रात, शेवटी अंकांत. पानावर एकच उदाहरण ठेवा. विचारल्यावर 10 सेकंद थांबा. घाईने शब्द बदलून विचारलेत, तर त्याला तो नवाच प्रश्न वाटू शकतो. आणि ठोकळे सगळ्या वर्गाला द्या, त्याला एकट्याला नको.