‘बेळगाव’ टाकलं, ‘बेळगावी’ राहून गेलं: लायब्ररीतली प्रश्नोत्तरे

प्रश्न: मी खानापूरची, एमए करते. सीमाभागातल्या मराठी शाळांवर गुगल स्कॉलरमध्ये (गुगलचं संशोधन शोधायचं पान) पाच-सहाच शोधनिबंध, म्हणजे पेपर, आले. या विषयावर कामच झालेलं नाही असं लिहू का?

उत्तर: नको ग, एवढ्यात लिहू नकोस. शब्द कुठला टाकलास ते आधी बघ. बेळगावचं सरकारी नाव १ नोव्हेंबर २०१४ ला बदललं, त्यामुळे इंग्रजीतले जुने पेपर ‘बेलगाम’ स्पेलिंगवर आणि नंतरचे बरेचसे ‘बेळगावी’वर, निपाणीचं पण तेच, कुणी एक पी लिहितं कुणी दोन. दोन्ही स्पेलिंगं टाक, मधे ऑर लिही, तेही इंग्रजी कॅपिटलमध्ये, म्हणजे दोन्हीकडचं एकदम येतं. मग देवनागरीत वेगळं शोध, आणि कन्नड येणारी मैत्रीण असेल तर तिच्याकडून कन्नडमध्ये पण टाकून घे.

प्रबंध शोधगंगावर बघ, तिथं देशभरातल्या विद्यापीठांचे पीएचडीचे प्रबंध ऑनलाइन मिळतात, पण विद्यापीठ नीट निवड. राणी चन्नम्मा विद्यापीठ २०१० चं, त्याआधी आपला जिल्हा धारवाडच्या कर्नाटक विद्यापीठाकडे होता, म्हणून जुनं काम तिकडे सापडतं, कोल्हापूरचं शिवाजी विद्यापीठ पण सोडू नकोस. आणि १९५६ पर्यंत आपण मुंबई राज्यात होतो ना, तेव्हाचे शाळांचे सरकारी अहवाल कर्नाटकाखाली शोधत बसलीस तर दिवस जाईल. एक वही कर, तारीख, कुठं शोधलं, काय शब्द टाकले, किती आले. गाईडनी विचारलं की तीच वही पुढं करायची.

प्रश्न: निपाणीत बिडी वळणाऱ्या बायकांच्या ४० मुलाखती घेतल्यात. गाईड म्हणतात डेटा ओपन टाका. नावं काढली की झालं ना सर?

उत्तर: नाही हो, नाही झालं. ‘अमक्या गल्लीतली, वय ५४, नवरा वारलेला, तीन मुली, तमक्या कारखान्याचं काम’ एवढं वाचून गल्लीतलं शाळकरी पोरगं पण सांगेल ही कुणाची आई ते. गल्ली काढा, कारखाना काढा, वय ५० ते ६० असं लिहा, आणि रेकॉर्डिंग तर अजिबात टाकू नका, आवाज लगेच ओळखू येतो. त्या बायकांनी तुम्हाला घरात बसवून चहा दिलाय, परत जा आणि त्यांना कळेल अशा भाषेत विचारा की हे इंटरनेटवर ठेवलं तर चालेल का, एखादी नको म्हणाली तर तिची मुलाखत बाजूला ठेवायची, वाद घालायचा नाही. डेटा ठेवायला झेनोडो नावाची वेबसाइट आहे, सर्न या युरोपातल्या संशोधन संस्थेची, २०१३ पासून चालू, फुकट, डीओआय म्हणजे न बदलणारा ओळख-क्रमांक पण मिळतो. फाइल बंद ठेवून नुसती माहिती उघडी ठेवायची सोय पण आहे तिथं.

प्रश्न: चॅटजीपीटीनं दिलेले संदर्भ तसेच घेतले तर?

उत्तर: घेऊ नका. प्रत्येक डीओआय उघडून बघा, नसलेले पेपर पण तो छातीठोक सांगतो.

प्रश्न: पेपरात ‘मागितल्यास डेटा देऊ’ लिहिलं तर पुरे ना?

उत्तर: माझ्या मते नाही. असं लिहिणाऱ्या १,७९२ पेपरांच्या लेखकांकडे खरंच डेटा मागून बघितला होता, २०२२ मध्ये छापून आलंय, त्यातल्या ९३ टक्के लोकांनी उत्तरच दिलं नाही नाहीतर नाही म्हटलं. सगळे लबाड नसतात हो. माझ्याकडे एकजण स्वतःचीच सहा वर्षांपूर्वीची एक्सेल घेऊन आले होते, कॉलमची नावं क१, क२, नउ२, आणि नउ म्हणजे ‘नवऱ्याचं उत्पन्न’ की ‘नको उत्तर’ हे त्यांनाच आठवेना, अख्खी दुपार गेली, शेवटी तो कॉलम सोडून द्यावा लागला. म्हणून डेटा गोळा करतानाच एका साध्या टेक्स्ट फाइलीत कॉलमचा अर्थ लिहा, रिकामी जागा म्हणजे काय तेही, आणि ती फाइल एक्सेलच्याच फोल्डरमध्ये ठेवा.