गर्भाशयाच्या कॅन्सरचं ऑपरेशन झाल्यावर रेडिएशन कशाला? आणि त्रास किती होतो?

पिशवी काढली, गाठ पूर्ण निघाली असं डॉक्टर सांगतात, मग आईला पुन्हा रेडिएशन का, आणि ते तिला झेपेल का, असं तुम्ही विचारलंय. मी रेडिएशन विभागात नर्स आहे, त्यामुळे त्रासाबद्दल जरा जास्तच बोलेन.

योनीच्या वरच्या टोकाला, टाक्यांच्या जागी किंवा ओटीपोटातल्या लसिकाग्रंथींमध्ये न दिसणाऱ्या पेशी उरू शकतात. रेडिएशन त्यांच्यासाठी. ते सरसकट सगळ्यांना लागत नाही. गाठ स्नायूत किती खोल गेली, ग्रेड काय (म्हणजे पेशी किती आक्रमक दिसतात), रक्ताच्या किंवा लसिकेच्या वाहिन्यांत कॅन्सरच्या पेशी सापडल्या का, वय किती, यावर ठरतं.

नेदरलँड्समधल्या पोर्टेक-१ अभ्यासात (२०००) पहिल्या टप्प्यातल्या, मध्यम जोखमीच्या बायका होत्या. पाच वर्षांत रेडिएशन घेतलेल्यांपैकी ४ टक्के जणींना त्याच भागात आजार उलटला, न घेतलेल्यांपैकी १४ टक्के जणींना. पण आयुष्य त्याने वाढलं नाही. योनीत उलटलेला आजार उलटल्यावर रेडिएशन देऊनही बऱ्याचदा आटोक्यात येतो, हे त्यामागचं एक कारण. म्हणून जोखीम कमी असलेली बाई 'नको, तपासणीला येत राहीन' म्हणाली तर मला तो हट्ट वाटत नाही. आजार पुढच्या टप्प्यातला असेल तर मात्र हा हिशेब लावू नका. तिथे बहुतेकदा केमोही देतात.

बाहेरून देतात ते रेडिएशन आठवड्याचे पाच दिवस, साधारण पाच आठवडे चालतं. ब्रेकीथेरपीत योनीत नळी ठेवून आतून देतात, मोजक्याच वेळा. पोर्टेक-२ या पुढच्या अभ्यासात (२०१०) एका गटाला बाहेरून रेडिएशन दिलं, दुसऱ्याला नुसती ब्रेकी; योनीत आजार उलटण्याचं प्रमाण दोन्ही गटांत दोन टक्क्यांच्या आतच होतं, आणि पोटाचा त्रास ब्रेकीत खूपच कमी. तेव्हा 'नुसत्या ब्रेकीवर भागेल का?' हे डॉक्टरांना आवर्जून विचारा.

बाहेरच्या रेडिएशनमध्ये दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यापासून जुलाब, लघवीला जळजळ आणि थकवा सुरू होतो. संपल्यावर काही आठवड्यांत बहुतेकींचं ओसरतं. जुलाबावर गोळ्या असतात, अंगावर काढू नका. डोक्याचे केस जात नाहीत, आणि आईजवळ नातवंडांनी बसायलाही हरकत नाही.

उशिरा येणाऱ्या त्रासांबद्दल घरात कुणी बोलत नाही. शौचाची घाई, लघवी न थांबणं, पायाला सूज (ग्रंथी काढल्या असतील तर जास्त), कंबरेच्या हाडांना बारीक तडे. आणि योनी कोरडी पडणं, आखडणं. त्यासाठी डायलेटर, म्हणजे योनी मोकळी ठेवायला आत घालायची गुळगुळीत नळी, देतात. 'आता या वयात कशाला' म्हणून कितीतरी बायका तो कपाटात ठेवून देतात. अहो, तो फक्त नवरा-बायकोच्या संबंधांसाठी नसतो. जागा आखडली की डॉक्टरांना आत नीट तपासता येत नाही, आणि आजार परतलाय का हे तर तिथेच बघायचं असतं. मुलगा असाल तर हे आईशी बोलणं अवघड जाईल. बहिणीला किंवा मावशीला सांगा, नाहीतर विभागातल्या नर्सला गाठा.

शेवटचं, रेडिएशनची कागदपत्रं जपून ठेवा. काही वर्षांनी शौचातून रक्त आलं आणि दुर्बिणीची तपासणी ठरली, तर ती करणाऱ्या डॉक्टरांना आधी सांगा की इथे रेडिएशन झालंय. त्या भागातून गरज नसताना तुकडा काढला, तर जखम भरायला फार त्रास होऊ शकतो.